ठेवावें कोणास, सोडावें कोणास ?

‘हॉकी’ हा शब्द कानीं पडला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, वांकड्या टोंकाच्या काठ्या आणि मेजर ध्यानचंद यांची मूर्ति उभी राहते. पुण्याच्या वाचकांस तर खडकीचे धनराज पिल्ले आठवल्यावांचून राहत नाहींत. परंतु आज आम्ही ज्या हॉकीविषयीं लिहिणार आहों ती निराळी. ती बर्फाच्या सपाट पृष्ठावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळतात. तींत चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती असते. आणि कॅनडा व अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें या देशांत हिंवाळा आला कीं लोकांस तिच्यावांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. तथापि या खेळाचे डावपेंच सांगणें हा आमचा हेतु नव्हे. खेळाच्या पाठीमागें जो एक विलक्षण हिशेब चालतो, त्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. कारण तो हिशेब कुटुंबांतील कर्त्या पुरुषास आणि घर चालविणाऱ्या गृहिणीस चांगलाच ओळखीचा वाटेल. मिळकत ठरलेली, माणसें गुणी, प्रत्येकाची अपेक्षा रास्त, आणि तरीहि सर्वांस पुरेल एवढें तिजोरींत नाहीं, अशा वेळीं काय करावें, हा तो प्रश्न होय.

‘नॅशनल हॉकी लीग’ ही संस्था १९१७ सालीं स्थापन झाली. आज तींत बत्तीस संघ आहेत. २००५ सालापूर्वींच्या दशकांत या संघांच्या एकूण वेतनावर मर्यादा नव्हती. ज्या शहराची वस्ती मोठी, त्या शहराच्या संघाची कमाई मोठी, आणि त्यानें वाटेल तें मोल देऊन वाटेल तो खेळाडू उचलावा, असा प्रघात होता. लहान शहरांस ही चढाओढ सोसेना. १९९५ सालीं क्वेबेकचा संघ डेन्व्हरला गेला आणि १९९६ सालीं विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. मात्र नुसत्या पैशानें यश मिळतें असेंहि नाहीं. न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघानें पाण्यासारखा पैसा ओतला, परंतु १९९८ पासून २००४ पर्यंत लागोपाठ सात हंगामांत त्यास बाद फेरींत प्रवेशदेखील मिळाला नाहीं.

अखेर मालक आणि खेळाडू यांचा तंटा इतका विकोपास गेला कीं २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. एकहि सामना झाला नाहीं. १९१९ सालीं इन्फ्लुएन्झाच्या सांथीमुळें अंतिम सामने अर्धवट राहिले होते. त्यानंतर सुप्रसिद्ध स्टॅन्ली चषक कोणाच्याच हातीं न पडण्याची ही पहिलीच वेळ होती. या तंट्यांतून जो करार निघाला त्यानें वेतनमर्यादा जन्मास आली. लीगच्या एकंदर उत्पन्नाचा ठराविक हिस्सा खेळाडूंचा, त्यावरून दरसाल प्रत्येक संघाच्या वेतनाचा वरचा आणि खालचा आंकडा ठरावयाचा, आणि वरचा आंकडा हंगामांत कोणींहि ओलांडावयाचा नाहीं, असें त्याचें स्वरूप आहे. कोणाहि एका खेळाडूस या मर्यादेच्या एकपंचमांशाहून अधिक देतां येत नाहीं. करार अनेक वर्षांचा असला तर त्याच्या एकूण रकमेची वार्षिक सरासरी हिशेबांत धरतात. पहिल्या वर्षीं, म्हणजे २००५-०६ सालीं, ही मर्यादा ३ कोटी ९० लक्ष डॉलर होती. ती वाढत वाढत २०१०-११ सालीं ५ कोटी ९४ लक्षांवर आणि २०२५-२६ सालीं ९ कोटी ५५ लक्षांवर गेली.

या नियमाचा एक परिणाम असा कीं जिंकणें हेंच संघाच्या विपत्तीचें मूळ होऊं लागलें. जो संघ जिंकतो त्याच्या प्रत्येक गड्याचा भाव चढतो. भाव सर्वांचा चढतो आणि मर्यादा मात्र जेथल्या तेथें राहते. याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे शिकागोचा ‘ब्लॅकहॉक्स’ हा संघ होय.

या संघानें १९६१ सालीं चषक जिंकला होता. त्यानंतर एकोणपन्नास वर्षें त्यास तो मिळाला नाहीं. लीगचा नियम असा कीं, शेवटच्या क्रमांकांवरील संघांस नवोदित खेळाडूंची निवड करण्याची संधि आधीं मिळावी. दैन्यावस्थेंतील शिकागोस या नियमानें दोन रत्नें दिलीं: २००६ सालीं तिसऱ्या क्रमांकावर जोनाथन टेव्ज, आणि २००७ सालीं पहिल्याच क्रमांकावर पॅट्रिक केन. नवोदितांचा पहिला करार तीन वर्षांचा व स्वस्त असतो. या स्वस्ताईच्या तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षीं, ९ जून २०१० रोजीं, फिलाडेल्फियाच्या मैदानावर केननें जादा वेळांत गोल केला आणि शिकागोनें चषक जिंकला. मालिकांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान कर्णधार टेव्ज यास मिळाला. डंकन कीथ या बचावपटूचे त्या मालिकांतील एका सामन्यांत सात दांत पडले, तरी तो पुन्हां बर्फावर उतरला. शिकागोच्या रस्त्यांवरून विजयाची मिरवणूक निघाली. आणि मिरवणुकीचा गुलाल, आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, अंगावरून झटकला जाण्यापूर्वींच व्यवस्थापक स्टॅन बोमन यांस वहीखातें उघडून बसावें लागलें.

त्या वहीचीं पानें आपणहि उलटून पाहूं. १ जुलैपासून केन आणि टेव्ज यांचे नवे करार सुरू होणार होते; प्रत्येकीं ६३ लक्ष डॉलर. ब्रायन कॅम्बेल या बचावपटूस ७१ लक्ष, फ्रेंच गोलरक्षक क्रिस्तोबाल ह्युए यास ५६ लक्ष, कीथ यास सुमारें ५५ लक्ष आणि स्लोव्हाकियाच्या मॅरियन होसा यास सुमारें ५२ लक्ष. या सहा जणांचीच बेरीज सुमारें ३ कोटी ६० लक्ष होते. म्हणजे तेवीस जणांच्या संघांत सहा जणांनीं शेंकडा साठांहून किंचित् अधिक द्रव्य घेतलें. शिवाय आदल्या वर्षीं खेळाडूंनीं मिळविलेल्या बक्षिसांची चाळीस लक्षांहून अधिक रक्कम मर्यादेबाहेर गेली होती, ती या वर्षाच्या खात्यांत येऊन बसली. पॅट्रिक शार्प, ब्रेंट सीब्रूक, डेव्ह बोलंड आणि निक्लास याल्मर्सन या चौघांस मिळून आणखी १ कोटी ४० लक्षांच्या वर द्यावयाचे. आतां राहिले किती ? पन्नास लक्षांच्या आंत. आणि भरावयाचे तेरा गडी! लीगच्या नियमाप्रमाणें त्या वर्षीं कोणासहि ५ लक्षांहून कमी देतां येत नव्हतें. तेरा जणांस किमान वेतन द्यावयाचें म्हटलें तरी ६५ लक्ष हवेत. सारांश, चषक जिंकणारा संघ जसाच्या तसा ठेवणें कठिण होतें असें नव्हे, तें गणितानेंच अशक्य होतें.

तेव्हां प्रश्न उरला तो इतकाच कीं सोडावयाचें कोणास. विजयानंतर पंधरा दिवसांत डस्टिन बफलिन हा धिप्पाड गडी दोन सहकाऱ्यांसह अॅटलांटाच्या संघास देण्यांत आला. बाद फेऱ्यांत त्यानें अकरा गोल केले होते. त्यामागोमाग क्रिस व्हर्स्टीग टोरांटोस आणि अँड्र्यू लॅड अॅटलांटास गेला. यांपैकीं एकहि गडी टाकाऊ नव्हता. लॅड पुढें आपल्या नव्या संघाचा कर्णधार झाला. त्यांचा अपराध एवढाच कीं ते चांगले होते, पण अनन्यसाधारण नव्हते.

याहून अधिक मनोवेधक गोष्ट गोलरक्षकाची. ५६ लक्षांच्या ह्युएची जागा हंगामाच्या ऐन भरांत फिनलंडच्या अँटी निएमी या नवख्या तरुणानें घेतली होती, आणि चषक जिंकला तो निएमीच्या भरंवशावर. त्याचा करार संपला होता. इतक्यांत सॅन होजेच्या शार्क्स संघानें एक चतुर खेळी केली. याल्मर्सन या तरुण बचावपटूस त्यांनीं चार वर्षांसाठीं १ कोटी ४० लक्ष डॉलरांचें आमंत्रण धाडलें. नियम असा कीं मूळ संघानें तेवढेंच वेतन कबूल केलें तर खेळाडू त्याच्याकडेच राहतो. शिकागोनें तें कबूल केलें. याल्मर्सन राहिला, पण निएमीसाठीं राखून ठेवलेला पैसा त्यांत गेला. जुलैच्या अखेरीस लवादानें निएमीचें वेतन साडेसत्तावीस लक्ष ठरविलें. शिकागोनें तो निवाडा नाकारला आणि चषक जिंकून देणाऱ्या गोलरक्षकास दोन महिन्यांच्या आंत निरोप दिला. पुढें त्यास कोणीं घेतलें ? त्याच शार्क्स संघानें, आणि तेंहि कमी वेतनावर.

ह्युएचें काय झालें हेंहि सांगितलें पाहिजे. त्याचा करार मोडतां येत नव्हता, म्हणून त्यास स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्गच्या संघाकडे उसना पाठविला. वेतन शिकागोचें, खेळणें युरोपांत, आणि मर्यादेच्या हिशेबांत त्याचें नांव नाहीं, अशी ही पळवाट होती. २०१३ च्या नव्या करारानें ती बहुतांशीं बुजविण्यांत आली. श्रीमंत संघास आपली चूक देशाबाहेर पाठवितां यावी आणि गरीब संघानें ती उरावर वागवावी, हें ज्या नियमाचा उद्देशच समता हा आहे त्यास शोभण्यासारखें नव्हतें.

पुढील वर्षीं शिकागोची अवस्था केविलवाणी झाली. दुसऱ्या एका संघाच्या पराभवामुळें हंगामाच्या शेवटच्या दिवशीं कसाबसा बाद फेरींत प्रवेश मिळाला, आणि पहिल्याच फेरींत व्हँकूव्हरनें त्यास सातव्या सामन्यांत जादा वेळांत बाहेर काढलें. बोमन यांनीं सोन्यासारखा संघ मोडला, अशी टीका करणें त्या वेळीं सोपें होतें. परंतु २०१३ सालीं शिकागोनें पुन्हां चषक जिंकला आणि २०१५ सालीं तिसऱ्यांदां जिंकला. तिन्ही विजयांत सात जण सामायिक होते: टेव्ज, केन, कीथ, सीब्रूक, होसा, शार्प आणि याल्मर्सन. मालिकांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान २०१० सालीं टेव्ज, २०१३ सालीं केन आणि २०१५ सालीं कीथ यांस मिळाला. म्हणजे तिघेहि, ज्यांस ठेवावयाचें असें आधींच ठरलें होतें त्यांतलेच. निएमीच्या जागीं प्रथम मार्टी टर्को हा वयस्क गोलरक्षक थोडक्या वेतनावर आणला. पण खरी जागा भरली ती कोरी क्रॉफर्ड यानें, ज्यास संघानें २००३ सालीं निवडून आपल्याच दुय्यम संघांत वाढविलें होतें. पुढील दोन्ही चषक त्याच्या हातून मिळाले.

आमच्या मतें येथें एक तत्त्व स्पष्ट दिसतें. जी वस्तु बाजारांत मोल देऊनहि मिळत नाहीं ती आधीं राखावी. जी मिळते ती, कितीहि आवडती असो, वेळ आली तर जाऊं द्यावी. आणि जिची जागा घरांतीलच लेंकरूं उद्यां भरून काढील, तिच्यासाठीं घर गहाण टाकूं नये. टेव्जसारखा मधला गडी आणि कीथसारखा बचावपटू दहा वर्षांत एकदां हातीं लागतो. अकरा गोल करणारा गडी मोलाचा खराच, परंतु तसे गडी दरसाल मिळतात.

तत्त्व कळलें म्हणजे तें कायमचें पाळतां येतें, असें मात्र नाहीं. २०१४ च्या जुलैंत केन आणि टेव्ज यांच्याशीं नवे करार झाले. आठ वर्षें, दरसाल प्रत्येकीं १ कोटी ५ लक्ष डॉलर. २०१५-१६ सालीं मर्यादा ७ कोटी १४ लक्ष होती. म्हणजे दोघांनींच शेंकडा एकोणतिसांहून अधिक भाग घेतला. तिसऱ्या विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोंच ब्रँडन साड हा घरीं वाढलेला बावीस वर्षांचा गडी कोलंबसला द्यावा लागला, आणि शार्प डल्लसला गेला. त्याच वर्षीं सीब्रूक या तीस वर्षांच्या बचावपटूशीं मात्र आठ वर्षांचा, दरसाल ६८ लक्षांहून अधिक वेतनाचा करार झाला. तो करार संपण्याच्या कितीतरी आधीं शरीरानें त्याची साथ सोडली. २०१९ च्या डिसेंबरनंतर तो एकहि सामना खेळूं शकला नाहीं.

२०१६ सालचा एक व्यवहार तर मनास चटका लावणारा आहे. ब्रायन बिकेल याचें ४० लक्षांचें वेतन अंगावरून उतरविण्यासाठीं शिकागोनें त्याजबरोबर तेयुव्हो तेरावाइनेन हा होतकरू तरुण कॅरोलायनास देऊन टाकला. जणूं नको असलेलें ओझें उचलण्याबद्दलची ती बिदागीच. बिकेलचा खेळ उतरला होता व त्याचा करार ही एक चूक समजली जात होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यास मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा रोग असल्याचें निदान झालें. वहींत जें ‘वाईट करार’ म्हणून लिहिलें होतें, तें एका माणसाचें आजारपण होतें.

२०१७ नंतर शिकागोची घसरण झांकून राहिली नाहीं. २०१८ आणि २०१९ या दोन्ही सालीं बाद फेरी हुकली. २०२३ च्या फेब्रुवारींत केन न्यूयॉर्कला गेला आणि त्या हंगामाच्या अखेरीस टेव्जचाहि संघाशीं असलेला संबंध संपला.

मग २०१४ चे करार चुकले असें म्हणावें काय ? ज्या दोघांनीं एकोणपन्नास वर्षांचा दुष्काळ संपविला त्यांस ऐन भरांत निरोप दिला असता, तर शिकागोच्या नागरिकांनीं व्यवस्थापकांस क्षमा केली नसती. आणि कृतज्ञता ही कांहीं हिशेबाबाहेरची वेडगळ कल्पना नव्हे. जो संघ आपल्या माणसांस विसरतो त्याकडे नवीं माणसेंहि मनानें येत नाहींत. तथापि आम्हांस असें वाटतें कीं कृतज्ञतेचें ऋण फेडण्याचा मार्ग आणि उद्यांच्या कामाचें वेतन ठरविण्याचा मार्ग हे दोन भिन्न आहेत. केन व टेव्ज यांचे करार ही जाणूनबुजून मोजलेली किंमत होती, आणि त्यांनीं २०१५ चा चषक देऊन तिचा मोठा भाग फेडला. सीब्रूकचा करार हें मात्र काल केलेल्या कामाचें बिल उद्यांच्या खात्यावर लिहिणें होतें. आणि तें बिल भरलें कोणीं, तर साड आणि तेरावाइनेन या तरुणांनीं. मर्यादित द्रव्यांत एकास दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो, ही गोष्ट दाता उदार असतांना सहज विसरली जाते.

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाहीं. २०१० च्या बाद फेऱ्या चालू असतांना संघाशीं संबद्ध असलेल्या एका तरुण खेळाडूनें एका साहाय्यक प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार वरिष्ठांच्या कानीं घातली होती. २०२१ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशींत असें निष्पन्न झालें कीं चषक जिंकून होईपर्यंत वरिष्ठांनीं त्यावर कांहींच केलें नाहीं. लीगनें संघास २० लक्ष डॉलर दंड केला आणि बोमन यांनीं राजीनामा दिला. ज्या व्यवस्थापनाची दूरदृष्टि आम्हीं वर वाखाणली, त्याच व्यवस्थापनानें त्याच महिन्यांत माणसाहून विजय मोठा मानला. कोणास ठेवावें याचा हिशेब कितीहि अचूक असला, तरी ज्यास ठेवलें त्यास सांभाळण्याचें कर्तव्य त्या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. तें निराळेंच पाळावें लागतें.

आतां हा प्रश्न केवळ दूरदेशचा राहिलेला नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत दिल्ली येथें हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला. तेव्हां पुरुषांच्या प्रत्येक संघास ४ कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि हरमनप्रीत सिंग यांस सूरमा हॉकी क्लबानें ७८ लक्ष रुपयांस घेतलें. म्हणजे एका गड्यावर जवळजवळ एकपंचमांश. त्याच महिन्यांत मुंबई इंडियन्स या आमच्या मुंबईच्या क्रिकेटसंघानें २०२५ च्या हंगामासाठीं १२० कोटींपैकीं ७५ कोटी रुपये पांचच जणांस राखण्यांत खर्चिले. सर्वाधिक १८ कोटी जसप्रीत बुमराह यांस. सूर्यकुमार यादव व हार्दिक पंड्या यांस प्रत्येकीं १६.३५ कोटी, आणि ज्यांच्या नेतृत्वाखालीं संघानें पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें त्या रोहित शर्मा यांस १६.३० कोटी. पांच जणांत शेंकडा साडेबासष्ट ! शिकागोच्या २०१० सालच्या वहीशीं हें साम्य पाहून वाचकांस मौज वाटेल. वेगवान गोलंदाज दुर्मिळ, म्हणून त्याचें मोल अधिक; आणि जुन्या कर्णधाराचा मान राखला, पण पहिल्या क्रमांकावर नव्हे. या आंकड्यांमागें काय विचार असेल तो ज्याचा त्यानें ओळखावा.

आमच्या घरांतील तरुण मंडळी अशा लिलावांच्या वेळीं ‘अमक्यास कां सोडलें ?’ म्हणून तावातावानें भांडतात, आणि वडील मंडळी त्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात. आम्हांस वाटतें कीं वडिलांनीं एकदां त्यांच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावें. वर मर्यादेचा आंकडा मांडावा, खालीं नांवें लिहावींत, आणि प्रत्येक नांवापुढें तीन प्रश्न विचारावेत: याच्यासारखा दुसरा मिळेल काय ? हें वेतन त्याच्या कालच्या कामाचें कीं उद्यांच्या ? आणि तें देण्यासाठीं यादींतल्या कोणत्या धाकट्याचें नांव खोडावें लागेल ? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें वाचून दाखवावें. ज्याचें नांव खोडलें जातें तो बहुधा त्या बैठकींत हजर नसतो. म्हणून त्याची बाजू बोलण्याचें काम यादी करणाऱ्यावरच येऊन पडतें.